टाच बघणारी अक्का

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका भावी नगरसेवकाच्या मिशा काळ्या करत होतो. म्हणजे संगणकावर. माझा धंदा डिजिटल बोर्ड छापायचा. वाढदिवस, निवड, सत्कार, श्रद्धांजली, जे असेल ते आठ बाय दहात. फोन दीपकचा होता. दीपक म्हणजे अक्काचा मुलगा, वारणानगरला नोकरीला असतो. अक्का पाच दिवस दवाखान्यात होती, त्यामुळं त्याच्या "मामा..." या एका शब्दावरच कळलं. "मामा, आई गेली." आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "हार्ट?" दीपक म्हणाला, "न्हाय मामा. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, हार्टनं शेवटपर्यंत साथ दिली." यावर मी... लिहितानाही कान गरम होतात, पण खोटं कशाला बोलू... मी "शाब्बास!" म्हणालो. आणि तेही मोठ्यानं. दुकानात उभं असलेलं गिऱ्हाईक दचकलं. पलीकडं दीपक हसायला लागला, हसता हसता रडायला लागला, आणि मग मीही. घरात बारसं झालंय की मयत, हे त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाला शेवटपर्यंत कळलं नाही. ते मिशा तशाच अर्ध्या सोडून निघून गेलं.

बहीण गेल्यावर शाब्बास म्हणणारा हा कोण राक्षस, असं वाटेल, म्हणून आधी आमच्या घराण्याची ओळख करून देतो. आमच्या घरी भिंतीवर हार घातलेले चार फोटो आहेत आणि चौघांत मिळून एकही पांढरा केस नाही. आजोबा सेहेचाळीसाव्या वर्षी गेले. थोरले काका, म्हणजे अक्काचे वडील, चव्वेचाळीसाव्या. माझे वडील सत्तेचाळीसाव्या वर्षी, भर बाजारात, हातात मेथीची जुडी घेऊन. आणि अक्काचा सख्खा भाऊ तर एकोणचाळीसाव्या वर्षी. चौघेही धट्टेकट्टे, चौघेही तालमीत अंग मळवलेले, चौघांच्याही छातीत एकदाच कळ आली आणि दुसऱ्यांदा यायची वेळच आली नाही. अशा घराण्यातली अक्का एकोणऐंशी वर्षांची होऊन न्यूमोनियानं गेली. तिच्या अंगात तेच रक्त होतं, तीच खोट होती. तरी ती एकोणऐंशी वर्षं जगली आणि मरताना घराण्याच्या शत्रूच्या हाती लागली नाही. आता सांगा, शाब्बास नाही तर काय म्हणायचं?

अक्का माझी चुलत बहीण, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठी. मला कडेवर घेऊन फिरवलेली, त्यामुळं साठी उलटली तरी तिच्यासाठी मी बाळ्याच. नाव सुमन, पण सुमन म्हणणारी माणसं कधीच संपली होती, उरलो होतो ते सगळे अक्का म्हणणारे. आवाज असा की, घरात ती हळू बोलली तरी गल्लीच्या टोकाला भांडण चाललंय असं वाटावं. आमच्याकडं बायकाही "मी जातो, मी सांगतो" असंच बोलतात, आणि अक्काच्या तोंडी ते इतकं शोभायचं की, पुण्याच्या पाहुण्यांनाही त्यात काही चुकतंय असं वाटत नसे. विशीत ती शहरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायला लागली आणि चाळीस वर्षं तिनं तेच केलं. पाच फुटांची बाई, पण दंडाला रबरी पट्टी आवळायला लागली की भले भले पैलवान मान फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचे. त्यांतला सर्वांत मोठ्यानं कॅलेंडर वाचणारा मी. माझं वजन तेव्हा एकशे चार किलो होतं आणि सुईला मी जेवढा भ्यायलो तेवढा बायकोलाही भ्यायलो नाही.

आता मुख्य गोष्ट, टाचेची. आमच्या घराण्यात पुरुषाची टाच जाड असते. म्हणजे टाचेच्या वर मागच्या बाजूला जी दोरीसारखी शीर असते ना, ती चारचौघांची बोटभर जाड असेल तर आमची अंगठ्यासारखी, गाठीगाठींची, दगडासारखी घट्ट. आमच्यात तिला "पैलवानी टाच" म्हणायचे. पोरगा पंचविशीकडं झुकला की घरातली थोरली माणसं त्याचा पाय मांडीवर घेऊन मागून चिमटीत धरून बघायची आणि गाठ हाताला लागली की ओरडायची, "आली रं टाच!" मग पेढे. हो, पेढे वाटायचे! ज्याला टाच आली नाही त्याच्याकडं जरा कीव करूनच बघितलं जायचं, आईच्या वळणावर गेलाय म्हणायचे. माझी टाच चोविसाव्या वर्षी आली. मी गल्लीभर पेढे वाटले, आणि महिनाभर पँट घोट्याच्या वर दुमडून हिंडत होतो. स्वतःच्या मरणाच्या आमंत्रणाचे पेढे वाटणारा माणूस दुनियेत मी एकटाच असेन, असं म्हणणार होतो, पण नाही. माझ्या वडिलांनीही वाटले होते.

टाच अक्कालाही आली होती. पण मुलीला टाच आली तर पेढे कोण वाटतो? "बाईच्या पायाला हे शोभत न्हाय," म्हणून तिच्या आईनं तिला साडी घोट्याखाली नेसायला लावली. ते तिच्या मनात सलत राहिलं आणि त्यामुळंच असेल, ती टाचांकडं बघायला शिकली. मला तिनं एकदा सांगितलं होतं... "बाळ्या, आज्जा गेला तवा मी पायावर डोकं ठेवलं, तर डोळ्यासमोर ती टाच. माझे आप्पा गेले तवा तीच टाच. तुझा बाप गेला तवा बी तीच. माझ्या भावाच्या पायावर डोकं ठेवलं आणि मग मी रडायचीच थांबलो. म्हटलं, ज्यांची टाच बारीक ती सगळी माणसं हितं मागं उभी हाईत. निजल्यात ती सगळी जाड टाचंची." मयताच्या घरात हे सुचायला वेगळंच काळीज लागतं. दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये गेली, तिथल्या डॉक्टरांपुढं स्टुलावर चढून उभी राहिली आणि साडी वीतभर वर उचलून म्हणाली, "सर, हे काय हाय?" डॉक्टर म्हातारे होते, भले होते. त्यांनी चष्मा लावून बघितलं, हातानं चाचपलं, आणि तिचंच रक्त तिलाच काढायला लावलं. कोलेस्टेरॉलचा आकडा आला तेव्हा त्यांना वाटलं, यंत्र बिघडलंय. पुन्हा केलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं. टाचेत साठलेली ती पैलवानी नव्हती, चरबी होती, आणि जी टाचेत साठत होती तीच हृदयाच्या नळ्यांतही साठत होती.

त्या दिवसापासून अक्का आमच्या घराण्याच्या मागं लागली. लग्न असो, वास्तुशांत असो, जावळ असो, अक्का दारातच बसलेली. नमस्काराला वाकलेल्या माणसाला ती आशीर्वाद द्यायच्या आधी म्हणायची, "फिर मागं." आणि चिमटीत टाच. नवऱ्या मुलाची टाच तर तिनं मांडवात, हळदीच्या पायानं बघितली आहे. वऱ्हाडातल्या एका पावण्यानं विचारलं, "ही काय पद्धत म्हणायची?" तर म्हणाली, "पावणं, तुमची बी दाखवा की." चांगली औषधं बाजारात आल्यावर तिनं स्वतः गोळी सुरू केली आणि दुसऱ्यांच्याही मागं लागली. पण आमचे लोक ऐकतील तर शपथ! पैलवानाला गोळी कशाला? कोलेस्टेरॉल काय, सगळ्यांनाच असतं! आज्ज्याचं आयुष्य तेवढंच लिहिलं होतं! मी तर वेगळीच युक्ती काढली होती. अक्का यायची असली की आदल्या दिवशी पाकिटातल्या आठ-दहा गोळ्या काढून कुंडीत टाकायच्या, म्हणजे पाकीट वापरलेलं दिसतं. त्या कुंडीतली तुळस मात्र फार निरोगी होती.

अक्काला कळून चुकलं की या माणसांना तिच्या तोंडाचं पटणार नाही, कागद दाखवावा लागेल. रोग घराण्यातून येतोय, अमक्याकडून तमक्याकडं येतोय, हे ठणकावून सांगणारा कागद. तिनं सहा पिढ्यांची वंशावळ काढली. पुरुष चौकोन, बाई गोल, टाच आलेला काळा, गेलेल्यावर फुली. कागदावर मावेना म्हणून मला म्हणाली, "तू छापून दे." मी हौसेनं आठ बाय सहाच्या फ्लेक्सवर छापून दिली, झकास, चारी बाजूंनी नक्षी. तिच्या सोप्यात, म्हणजे घराच्या ओसरीत, टांगल्यावर लक्षात आलं की मी जुन्याच बोर्डावर काम केलं होतं आणि गेलेल्या सगळ्या काळ्या चौकोनांच्या खाली मोठ्या लाल अक्षरांत "हार्दिक अभिनंदन!" तसंच राहिलं होतं. आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून माझा फोटो. अक्कानं बराच वेळ बघितलं. म्हणाली, "राहू दे. जिता हाईस तवर तुझं अभिनंदनच हाय."

तोच फ्लेक्स बघून डॉ. नाझनीन आमच्या गोष्टीत आल्या. त्या कुरुंदवाडच्या, पण पुण्यात एका संशोधन संस्थेत आनुवंशिक आजारांवर काम करतात. दीपकच्या ओळखीनं आल्या, चहाचा कप हातात घेऊन फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या आणि चहा गार होईपर्यंत हलल्याच नाहीत. त्यांनी अक्काचं रक्त नेलं. काही महिन्यांनी अहवाल आला, दोष आढळला नाही. घराण्यात आनंदीआनंद! मी तर म्हणालोच, "बघा, मी सांगत होतो." अक्कानं पुण्याला फोन लावला. "डॉक्टरबाई, रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट मेलेला, असला कागद मी चाळीस वर्षांत फाइलला लावलेला न्हाय. परत बघा." नाझनीनबाई हसल्या, पण त्यांनी ते मनावर घेतलं. मध्ये काही वर्षं गेली. अक्का दर दिवाळीला त्यांना फराळाचा डबा पाठवायची आणि त्यात चिठ्ठी, "परत बघितलं का?"

आणि त्यांनी परत बघितलं. झालं होतं असं की, पहिल्या वेळी त्यांनी जनुकाचा मजकूर वाचला होता. आपल्या यकृताच्या पेशींवर रक्तातलं कोलेस्टेरॉल आत ओढून घेणारी दारं असतात, आणि ती दारं कशी घडवायची ते एका जनुकात लिहिलेलं असतं. आमच्या त्या मजकुरात काना-मात्रेचीही चूक नव्हती. पण मजकुराच्या आधी थोडा भाग असतो, ज्यात दार कसं करायचं हे नसतं, किती करायची हे ठरतं. तिथं एक अक्षर बदललेलं निघालं. इतक्या मोठ्या पोथीतलं फक्त एक अक्षर! डॉक्टरबाईंनी सोप्यात बसून हे सगळं नीट समजावलं, आम्ही माना डोलावल्या, आणि कुणाला काही कळलं नाही. तेव्हा माझा धाकटा भाऊ विलास, इचलकरंजीला ज्याचे यंत्रमाग आहेत, तो कोपऱ्यातून म्हणाला, "म्हंजे माग बी ठीक, सूत बी ठीक, नक्षी बी ठीक. मोटारीला व्होल्टेज मिळंना." डॉक्टरबाईंनी टाळी वाजवली. "अगदी बरोबर! आणि प्रत्येकाकडं असे दोन माग असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. तुमचा आईकडचा जोरात चाललाय. वडिलांकडचा रेंगाळतोय. त्यामुळं दारं कमी पडतात, आणि चरबी रक्तात फिरत राहते, जन्मल्या दिवसापासून." पोटी मूल आलं की दोनांतला कुठला माग त्याच्या वाट्याला येईल, हे नाणं उडवण्यासारखं. म्हणून निम्म्यांना टाच, निम्म्यांना नाही.

"मग माझा भाऊ एकोणचाळिसाला गेला आणि मी अजून हितं बसलोय, ते कसं?" अक्कानं विचारलं. अक्षर तर दोघांत तेच. डॉक्टरबाई म्हणाल्या, एका अक्षरानं धोका येतो, पण तारीख ठरत नाही. इतर जनुकांतली कितीतरी बारीक अक्षरं कुणाचं पारडं थोडं वर करतात, कुणाचं खाली. बाईमाणसाला काही वर्षं सूट मिळते. तंबाखू पारडं खाली ओढते, आणि गोळी वर उचलते. भावाची तंबाखूची डबी कुणालाच आठवावी लागली नाही. अक्का नुसतं "हं" म्हणाली. नंतर म्हणाली, "म्हंजे लिहून आलंय, पण पुरतं लिहून आलेलं न्हाय." मी एवढे बोर्ड छापले, पण इतकं नेमकं वाक्य माझ्या हातून कधी छापलं गेलं नाही.

आता एकच पायरी उरली होती. हेच अक्षर गुन्हेगार आहे हे सिद्ध करायचं तर घराण्यातल्या सगळ्यांचं रक्त हवं होतं. टाचवाल्यांत ते सापडलं पाहिजे आणि बिनटाचेच्यांत सापडता कामा नये. एकतीस जणांची यादी झाली. अक्कानं आपल्या हातानं तिसांचं रक्त काढलं. एकतिसावा मी. मी त्या दिवशी "तातडीचं काम" काढून इचलकरंजीला पळालो आणि फोनवर सांगितलं की इथल्याच केंद्रात देतो. आणि दिलं. फक्त माझं नाही. माझ्या दुकानाशेजारी सदा सायकली दुरुस्त करतो, माझा शाळेपासूनचा मित्र, वजन पन्नास किलो, सुईला भीत नाही. त्याला बरोबर नेलं होतं. एका मिसळीवर तो बाळासाहेब झाला आणि माझ्या नावाची सही करून आला. मला वाटलं, एकतिसांत एका नळीनं काय बिघडतंय?

सगळं बिघडलं. डॉक्टरबाईंचा फोन आला की तीस जण तंतोतंत जुळतायत, एक जुळत नाही. टाच जाड, अक्काच्या वहीतला कोलेस्टेरॉलचा आकडा आभाळाला भिडलेला, पण अक्षर नाही. अशानं हे अक्षरच रोगाचं कारण आहे असं ठामपणे लिहिता येणार नाही. ही बातमी घराण्यात वाऱ्यासारखी पसरली. "बाळूकडं टाच हाय, दोष न्हाय! म्हंजे टाच ही पैलवानीच की!" माझ्या नावानं तांबडा-पांढरा रस्सा झाला, मटणाची पहिली वाटी मला. कशीबशी गोळी घ्यायला लागलेला विलास पाचव्या दिवशी हसत हसत म्हणाला, "दादा, मी बी गोळी बंद केली." पुतण्यांतल्या दोघांनीही बंद केली. आणि अक्का... अक्का भांडली नाही. तेच वाईट होतं. ती त्या फ्लेक्सखाली बसून होती आणि मला म्हणाली, "मीच चुकलो असणार रं. टाचेला बोट लावून लावून म्हातारी झालो. तुझ्यात न्हाय हे तर चांगलंच झालं." माझ्यासाठी तिला खरंच आनंद झाला होता! तरी मी गप्प राहिलो. भित्र्या माणसाची ताकद फार मोठी असते. मी अकरा दिवस गप्प राहिलो.

बाराव्या दिवशी बोर्ड बांधायला शिडीवर चढलो आणि चौथ्या पायरीवर छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखं झालं. खाली उतरलो. घरी गेलो नाही, दवाखान्यात गेलो नाही, मोटारसायकल काढून थेट अक्काकडं गेलो. हाही मूर्खपणाच, पण वडिलांची मेथीची जुडी डोळ्यांपुढं आली होती आणि मला खोटं बोलून मरायचं नव्हतं. दारातच सांगून टाकलं. सदा, मिसळ, सही, सगळं. वाटलं होतं, आता गल्ली गोळा होणार. अक्कानं फक्त एवढंच विचारलं, "छातीत कवापास्नं दुखतंय?" तिनं रिक्षा बोलावली, एक गोळी चावायला लावली, रस्ताभर माझं मनगट धरून नाडी मोजली, आणि मधूनमधून रिक्षावाल्यावर ओरडत होती, "हळू न्हवं, जोरात चालव की!" तीन नळ्या तुंबल्या होत्या. बायपास झाली. दवाखान्यातल्या सगळ्या सुया मिळून माझ्यावर सूड उगवत होत्या असं वाटलं, पण जगलो. त्या वेळी मी पंचावन्न वर्षांचा होतो. आमच्या घराण्यात पंचावन्नाव्या वर्षी ऑपरेशनला जिवंत पोचलेला मी पहिला पुरुष! टाके निघाले त्या दिवशी अक्का आली, डॉक्टरांना विचारलं, "आता बरा हाय न्हवं?" ते हो म्हणाले. मग तिनं माझ्या पोटरीवर जी सणसणीत थप्पड ठेवून दिली, ती नर्सच्या खोलीपर्यंत ऐकू गेली.

माझं खरं रक्त तिनं तिथंच, माझ्या खाटेवर बसून काढलं. "कॅलेंडर वाच," म्हणाली. पंधरा-वीस दिवसांनी नाझनीनबाईंचा फोन आला. अक्कानं तो मोठ्या आवाजावर ठेवला होता. "अक्का, जुळलं. एकतीसच्या एकतीस." तिनं फोन खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि पेढे आणायला दीपकला पिटाळलं. आमच्यात टाचेवर वाटलेले ते शेवटचे पेढे. त्या संध्याकाळी विलास स्वतः येऊन तिच्यापुढं पाय करून उभा राहिला. दोन्ही पुतणे आले. ज्यांना जन्मात पटलं नव्हतं त्यांना एका कागदानं पटलं. आणि त्या कागदाला भोक पाडणारा मी होतो, हे मात्र घराण्यातल्या प्रत्येक कार्यात सांगितलं जातं, वऱ्हाडी मंडळींसमोर, माझी ओळख करून देताना.

माझी नात ओवी पुण्याला असते, माझ्या मुलाची मुलगी, दहा वर्षांची. मुलाकडं ते अक्षर आहे. मागच्या वर्षी ओवीचीही तपासणी झाली आणि तिच्यातही निघालं. सूनबाईचे डोळे भरले. अक्कानं ओवीचा पाय मांडीवर घेतला, मागून चिमटीत धरला. गुळगुळीत, बारीक, पोरीची टाच. "ही टाच अशीच ऱ्हाणार," अक्का म्हणाली, "घराण्यात अक्षर आसून टाच न आलेली पहिली मर्दानी ही." डॉक्टरांनी ओवीची गोळी सुरू केली तेव्हा ती आमच्या टोळीत आली. टोळी म्हणजे मोबाइलवरचा गट, अक्षरवाले आम्ही अठरा जण. नाव मीच ठेवलंय, "टाच तालीम मंडळ". रोज रात्रीची जेवणं झाली की अक्काचा एकच शब्द यायचा, "गोळी?" आणि मग सगळ्यांनी लिहायचं, "घेतली". ज्याचं आलं नाही त्याला फोन. त्या फोनपेक्षा गोळी परवडायची.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. बोलायला मनाई होती, म्हणजे ती बोलणारच. मास्क बाजूला करून म्हणाली, "बाळ्या... काढलेला फोटो बघितलास? छातीचा?" मी म्हणालो, "बघितला. न्यूमोनिया आहे, उतरेल." तिनं डोळे मिचकावले. माझ्या लहानपणी चिंचा पाडून आणल्यावर मिचकावायची तसे. "फुप्फुस हाय," ती म्हणाली, "हार्ट न्हवं." आखाड्यातून बाहेर येणाऱ्या माणसाचा आवाज होता तो, अंगाला माती लागलेली, पण पाठ स्वच्छ...

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. मंडळी आपापल्या गावी गेली. संध्याकाळी जेवलो आणि सवयीनं मोबाइल हातात घेतला. गटात काहीच नव्हतं. दिसत होतं की माणसं आहेत, विलास आहे, दीपक आहे, पुतणे आहेत, सगळे माझ्यासारखेच त्या रिकाम्या जागेकडं बघत बसलेत, आणि जिनं लिहायचं ती नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मंडळातला सगळ्यांत लबाड गडी मी, कुंडीत गोळ्या पुरणारा. हे विचारायचा अधिकार घराण्यात सगळ्यांत कमी कुणाला असेल तर मला. म्हणून मीच लिहिलं, "गोळी?"

इचलकरंजीहून आलं, "घेतली". वारणानगरहून आलं, "घेतली". मग एकापाठोपाठ एक, गटाचा आवाज थांबेना, आणि मी बोटं दुमडत मोजत होतो, तेरा, चौदा, पंधरा. एकावरही फुली नाही. सगळे जिवंत, सगळे गोळी गिळून बसलेले. सोळावी ओवी, तिच्या आईच्या मोबाइलवरून. तिनं "घेतली" लिहिलं आणि खाली आणखी एक ओळ, "आजोबा, तुम्ही?"

विचारायच्या भरात माझीच राहिली होती. मुकाट्यानं उठलो, पाणी घेतलं, गोळी घेतली, आणि लिहिलं, "घेतली."

लगेच उत्तर आलं, "फोटो टाका."

"कसला?"

"जिभेचा. वर करून."

हे अक्कानंही कधी मागितलं नव्हतं. मी आरशासमोर उभा राहिलो, चष्मा चढवला, आणि एकसष्ट वर्षांची जीभ बाहेर काढून अख्ख्या घराण्याला दाखवली.